उंट, ताप आणि आखाताचं तिकीट: मर्स विषाणूबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीत आमच्या दांडिया बाजारातल्या मंडळाने मला 'जनावरांकडून माणसाकडे येणारे विषाणू' या विषयावर बोलायला बसवलं. सत्तावीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली, एवढीच माझी पात्रता. भाषण वीस मिनिटांत संपलं, प्रश्न दीड तास चालले आणि आरतीला उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळीच. तेव्हाचे प्रश्न आणि नंतर जिन्यात, भाजीच्या लारीपाशी गाठून विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बडोद्यात प्रश्न मर्सवरच का अडकले, ते उघड आहे. कोयलीच्या रिफायनरीत उमेदवारी करून पुढे जुबैल, दम्माम, कुवेत गाठलेला निदान एक माणूस इथल्या प्रत्येक मराठी घरात सापडतो.

मर्स म्हणजे नक्की काय? कोविडचंच जुनं नाव का?

नाही. चुलतभाऊ म्हणा. 'मिडल ईस्ट रेस्पिरेटरी सिंड्रोम' या लांबलचक नावाची आद्याक्षरं जोडून 'मर्स' झालं. हे नाव मे २०१३ मध्ये ठरलं. माणसाला बाधणारे सात कोरोना विषाणू विज्ञानाला ठाऊक आहेत. त्यातले चार दरवर्षी साधी सर्दी-पडसं देऊन जातात, आपण त्यांची नावंही विचारत नाही. उरलेले तीन जिवावर उठणारे: २००२-०३ चा सार्स, २०१२ चा मर्स आणि २०१९ चा कोविड. कोविड कुठून आला यावरची भांडणं अजून मिटलेली नाहीत. मर्सच्या बाबतीत मात्र जनावर कुठलं, हे बोट दाखवून सांगता येतं. म्हणूनच हा विषय शिकायला फार चांगला आहे, असं माझं मत.

पहिल्यांदा सापडला कसा?

जून २०१२. सौदी अरेबियातल्या जेद्दा शहरात साठ वर्षांचा एक गृहस्थ १३ तारखेला न्यूमोनिया घेऊन रुग्णालयात दाखल झाला आणि २४ तारखेला गेला. फुप्फुसं तर गेलीच, मूत्रपिंडंही निकामी झाली. तिथल्या प्रयोगशाळेत अली मोहम्मद झाकी नावाचे इजिप्शियन विषाणूतज्ज्ञ होते. त्यांनी फ्लू वगैरे नेहमीच्या तपासण्या केल्या, सगळ्या निगेटिव्ह आल्या. आपल्याकडे अशा वेळी फाइल बंद होते. झाकींनी रुग्णाचा कफ पेशींवर वाढवून पाहिला, तर पेशी मरायला लागल्या. कोरोना घराण्यातला कुठलाही सदस्य पकडणारी चाचणी लावली, ती पॉझिटिव्ह आली. मग नमुना नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या इरॅस्मस केंद्रात रॉन फौशिए यांच्याकडे गेला आणि तिथे त्याची जनुकीय ओळख पटली.

२० सप्टेंबरला झाकींनी ही गोष्ट जगभरच्या साथरोगतज्ज्ञांना कळवून टाकली. त्याच सुमारास लंडनमध्ये कतारहून आणलेला ४९ वर्षांचा एक रुग्ण व्हेंटिलेटरवर होता आणि त्याला काय झालंय ते कुणाला उमगत नव्हतं. झाकींची माहिती वाचून तिथल्यांनी विषाणूच्या तुकड्याची तुलना केली, तर जुळणी निघाली ९९.५ टक्के. दोन रुग्ण, दोन देश, विषाणू एकच. मागाहून जुने नमुने तपासले तेव्हा कळलं की त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॉर्डनमधल्या झरका गावच्या एका रुग्णालयात हाच विषाणू येऊन गेला होता. तेव्हा त्याला नाव नव्हतं, इतकंच.

उंटावर संशय कसा गेला?

आधी गेला तो वटवाघळांवर, कारण वटवाघळांशी नातं निघालेल्या सार्सचा अनुभव ताजा होता. पण आखातात माणसांचा आणि वटवाघळांचा रोजचा संबंध किती? मधे कुणीतरी पाळीव जनावर हवं. मग शेळ्या, मेंढ्या, गाई, उंट, सगळ्यांचं सीरम, म्हणजे रक्तद्रव, तपासायला सुरुवात झाली.

२०१३ साली ओमानमधल्या, शर्यतीतून निवृत्त झालेल्या पन्नास उंटांचं रक्त तपासलं. पन्नासच्या पन्नास उंटांत मर्सविरुद्धच्या अँटिबॉडी! प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला असा निकाल दिसला की पहिली शंका येते ती स्वतःच्या चाचणीवरच. म्हणून तुलना फार मोलाची ठरली: स्पेनच्या कॅनरी बेटांवरच्या १०५ उंटांपैकी फक्त १५ पॉझिटिव्ह, आणि युरोपातल्या गाई, मेंढ्या, शेळ्या साफ निगेटिव्ह. म्हणजे चाचणी उगाच 'हो हो' म्हणत नव्हती.

अँटिबॉडी म्हणजे पाऊलखूण. चोर स्वतः सापडायला हवा होता. त्याच वर्षाअखेरीस कतारमधल्या एका गोठ्यातल्या उंटांच्या नाकात प्रत्यक्ष विषाणू मिळाला. पुढे सौदीतल्या एका माणसाचं प्रकरण आलं: त्याच्या उंटांची नाकं वाहत होती, तो एका उंटाच्या नाकाला औषध चोळत होता, आणि काही दिवसांनी तो आजारी पडून वारला. उंटाच्या नाकातला आणि त्याच्या नाकातला विषाणू जुळला, आणि रक्ताच्या नमुन्यांवरून लागण आधी उंटाला झाल्याचंही दिसलं.

मग हा विषाणू 'नवा' कसा? उंट तर हजारो वर्षं आहेत.

हा प्रश्न एका अकरावीतल्या मुलीने विचारला आणि सभागृहातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच होता. शास्त्रज्ञांनाही तो पडला होता. त्यांनी शीतपेट्यांमध्ये वर्षानुवर्षं पडून राहिलेली उंटांची रक्तद्रव्यं बाहेर काढली. सोमालिया, सुदान, इजिप्त इथली १९८३ ते १९९७ दरम्यानची. दहातल्या आठ नमुन्यांत अँटिबॉडी सापडल्या. १९८३ सालच्या नमुन्यांतही.

म्हणजे आपण २०१२ मध्ये 'नवा विषाणू' म्हणून ज्याचं बारसं केलं, तो निदान एकोणतीस वर्षं उंटांमध्ये सुखाने नांदत होता. नवी होती ती आपली नजर. तीस वर्षांत किती माणसं 'साध्या न्यूमोनियाने' गेली असतील, कोण जाणे. आणि ज्या अनाम तंत्रज्ञाने त्या काळी नळ्यांवर नीट लेबल लावून त्या जपून ठेवल्या, त्याला कुणी पुरस्कार दिला नाही.

उंटाला नुसती सर्दी आणि माणसाला थेट व्हेंटिलेटर, असं का?

विषाणूला पेशीत शिरायला कडी लागते. मर्सची कडी म्हणजे 'डीपीपी४' नावाचं प्रथिन. २०१३ मध्ये ती सापडली. उंटाच्या शरीरात ही कडी नाकात, श्वासनलिकेच्या वरच्या भागात भरपूर असते. माणसात ती नाकात जवळजवळ नसते, असते ती फुप्फुसांच्या तळाशी. मूत्रपिंडातही असते. म्हणून उंट शिंकतो आणि विषाणू सहज हवेत उडवतो. माणसात तो खोल उतरला तरच धरतो, पण धरला की जड जातो. आणि खोल बसल्यामुळेच माणसातून माणसात तो तितक्या सहज उडत नाही. आपल्या सुदैवाची आणि रुग्णाच्या दुर्दैवाची जागा अशी एकच आहे.

उंटांतही सगळ्यात जास्त विषाणू पिल्लांत. आईकडून मिळालेल्या अँटिबॉडी काही महिन्यांत ओसरल्या की पिल्लाला पहिली लागण होते, आणि त्याचं नाक वाहत असताना जवळ जाणं सगळ्यात धोक्याचं.

डीपीपी४? माझ्या डायबेटिसच्या गोळीवर डॉक्टर हेच काहीतरी म्हणाले होते!

बरोबर ऐकलंत, काका. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन या गोळ्या याच प्रथिनाचं काम अडवतात. शास्त्रज्ञांच्याही डोक्यात लगेच आलं होतं की मग या गोळ्यांनी विषाणू अडेल का? करून पाहिलं. अडला नाही. गोळी प्रथिनाच्या एका खाचेत बसते, विषाणू दुसऱ्याच बाजूला चिकटतो. तेव्हा गोळी मर्ससाठी वाढवू नका आणि मर्सच्या भीतीने बंदही करू नका. मधुमेह असणाऱ्यांना मर्स जड जातो, हे मात्र खरं. सौदीतल्या पाहणीत उंटांशी थेट संपर्काच्या जोडीने मधुमेह, हृदयविकार आणि धूम्रपान हीच नावं पुन्हा पुन्हा आली.

वटवाघळं सुटली का यातून?

पूर्ण नाही. मर्सचे जवळचे नातेवाईक आफ्रिकेतल्या वटवाघळांत सापडले आहेत, म्हणजे मूळपुरुष बहुधा तिकडचाच. पण माणसाला मर्स होतो तो उंटाकडून किंवा आजारी माणसाकडून. आपल्याकडे मोठ्या झाडांवर उलटी लटकलेली वटवाघळं दिसतात, त्यांच्यावर दगड मारायचं काही कारण नाही.

शंभरातले छत्तीस दगावतात म्हणे?

नोंद झालेल्या रुग्णांपैकी, हो. २०१२ पासून २७ देशांत मिळून २६०० हून जास्त रुग्णांची नोंद झाली, त्यातले ९४० हून जास्त दगावले. ऐंशी टक्क्यांहून जास्त रुग्ण एकट्या सौदीतले. पण 'नोंद झालेल्या' हे शब्द गिळू नका. सौदीत सर्वसाधारण लोकांतल्या दहा हजारांवर माणसांचं रक्त तपासलं, तेव्हा पंधरा जणांत अँटिबॉडी मिळाल्या. उंट राखणाऱ्यांत आणि कत्तलखान्यात काम करणाऱ्यांत हे प्रमाण कितीतरी पट जास्त होतं. यातल्या बहुतेकांना आपल्याला काही झालं होतं याचा पत्ताच नव्हता. म्हणजे सौम्य लागण होऊन बरे झालेले हिशेबातच नाहीत. खरा मृत्युदर छत्तीसपेक्षा कमी असणार. तरी कमी म्हणजे क्षुल्लक असं मी म्हणणार नाही.

कोविडसारखा जगभर पसरेल का?

आजच्या रूपात नाही. मोकळ्या समाजात एक मर्स रुग्ण सरासरी एकाहून कमी माणसाला लागण देतो, त्यामुळे साखळी आपोआप तुटते. ती तुटत नाही ती रुग्णालयात.

दक्षिण कोरियाचं उदाहरण बघा. मे २०१५ मध्ये ६८ वर्षांचा एक व्यापारी आखाती देश फिरून मायदेशी आला. आठवड्याने ताप आला. तो एका दवाखान्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरला. मर्सचं निदान झालं २० तारखेला. तोवर व्हायचं ते झालं होतं: त्या एका प्रवासातून १८६ रुग्ण, ३८ मृत्यू आणि सोळा हजारांहून जास्त माणसं विलगीकरणात. विषाणूत काही भयंकर बदल झाला नव्हता. गच्च भरलेला आपत्कालीन विभाग, एका खोलीत अनेक खाटा, उशाशी बसलेले नातेवाईक आणि 'जरा मोठ्या डॉक्टरांना दाखवू' म्हणून रुग्णालयं बदलणं, एवढ्याने काम झालं. हे वर्णन ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे तर रुग्णापेक्षा डबा घेऊन येणारे जास्त.

लांब कशाला, जानेवारी २०११ मध्ये अहमदाबादजवळच्या साणंद तालुक्यात क्रायमियन-काँगो तापाचा भारतातला पहिला उद्रेक झाला. तो विषाणू वेगळा, गुराढोरांवरच्या गोचिडांतून येणारा. पण रुग्ण महिलेपाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निदान केलं तेव्हा नाव कळलं.

भारतात मर्स आलाय का?

त्या २७ देशांच्या यादीत भारत नाही.

जत्रेत नातवाला उंटावर बसवू का?

बसवा. भारतातल्या उंटाकडून माणसाला मर्स झाल्याची नोंद नाही. नाक गळणारं उंटाचं पिल्लू असेल तर त्याच्या तोंडाशी नातवाला नेऊ नका आणि उतरल्यावर साबणाने हात धुवा, मगच शेव-उसळ. तसं घोड्यावर बसवल्यावरही धुवायला हवेतच.

माझं म्हणणं इतकंच की आपला एका वशिंडाचा उंट आणि अरबस्तानातला उंट ही एकच जात आहे, आणि पाकिस्तानातल्या पंजाबात उंटांमध्ये अँटिबॉडी सापडल्या आहेत. तेव्हा कच्छ-राजस्थानच्या कळपांची रक्ततपासणी नेमाने होत राहायला हवी. रबारी लोकांना घाबरवून नव्हे, त्यांना सोबत घेऊन. उंटाची सर्दी कुठल्याही डॉक्टरच्या आधी त्यांना कळते.

उंटिणीचं दूध शुगरला चांगलं म्हणून आणतो. बंद करू?

बाटलीतलं असेल तर नको. अमूलने २०१९ पासून कच्छच्या उंटिणींचं दूध बाजारात आणलंय, ते पाश्चराइज केलेलं असतं. प्रयोगात मर्सचा विषाणू कच्च्या दुधात फ्रिजच्या तापमानाला ७२ तासांनंतरही जिवंत सापडला, पण ६३ अंशांवर अर्धा तास तापवल्यावर उरला नाही. म्हणजे उकळी हा उपाय आपल्या आज्यांना विषाणूशास्त्र न शिकताच ठाऊक होता. आखातात वाळवंटाच्या सहलीला गेलात आणि कुणी प्रेमाने धारोष्ण दुधाचा वाडगा पुढे केला, तर हात जोडा आणि खजूर उचला. शुगरसाठी मात्र दुधावर विसंबून गोळ्या सोडू नका.

मुलगा सौदीत आहे. त्याने काय जपायचं?

कंपनीच्या कॅम्पात राहून रिफायनरीत जाणाऱ्याला धोका फार थोडा. उंटांचे गोठे, बाजार, शर्यती टाळाव्यात, कच्चं दूध आणि अर्धंकच्चं मांस नको. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर हे दुप्पट कडकपणे. आणि तिथल्या रुग्णालयात कुणाला उगीच भेटायला जाऊ नये.

परत आल्यावर ताप आला तर?

लागणीपासून लक्षणांपर्यंत दोन ते चौदा दिवस जातात. आखातातून आल्यावर चौदा दिवसांत ताप, खोकला, दम लागला तर मास्क लावून डॉक्टरकडे जा आणि पहिलं वाक्य हेच बोला: 'मी अमुक देशातून अमुक तारखेला आलोय.' विचारायची वाट पाहू नका.

का सांगते? २०१५ च्या सुरुवातीला, गुजरातेत स्वाइन फ्लूचा जोर होता तेव्हा, माझा मावसभाऊ दम्मामहून सुटीवर आला आणि तिसऱ्या दिवशी तापाने फणफणला. शहरातल्या एका रुग्णालयाच्या बाकावर चार तास बसला, दोन्ही बाजूंना म्हातारी माणसं. तीन ठिकाणी केसपेपर झाला, पण 'कुठून आलात' हे कुणी विचारलं नाही. यानेही सांगितलं नाही. त्याला वाटलं, सांगितलं तर 'फोरेनवाला' म्हणून बिल वाढेल. संध्याकाळी माझ्या कानावर आलं आणि मी फोनवर त्याला जे ऐकवलं, ते मावशी अजून काढते. निघाला स्वाइन फ्लूच. पण ते आपलं नशीब.

प्रयोगशाळेच्या बाजूनेही तेच. मर्ससाठी नुसता नाकातला स्वॅब पुरत नाही, विषाणू खाली बसलेला असतो. खोल खोकून काढलेला कफ किंवा श्वासनलिकेतून ओढलेला स्राव लागतो. फिरकीच्या झाकणाची डबी, झाकणाभोवती चिकटपट्टी, भोवती कापूस, मग प्लास्टिकची पिशवी, मग दुसरा डबा आणि शेवटी बर्फाच्या पाकिटांची थर्माकोलची पेटी. एवढा सरंजाम नीट बांधून पेटी टेबलावर यायची. नाव शाईच्या पेनाने लिहिलेलं असलं की ओलीने निळं ओघळून अर्धं गेलेलं. आणि सोबतचा फॉर्म उघडला की 'प्रवासाचा तपशील' हा रकाना कोरा. तो रकाना कोरा असला की आम्ही फ्लूची चाचणी लावायचो, मर्सची नाही. यंत्र आपण विचारू तेवढंच सांगतं.

लस आहे? औषध?

माणसांसाठी मान्यता मिळालेली लस नाही, खास औषधही नाही. ऑक्सिजन, व्हेंटिलेटर, अवयव सांभाळणं, हेच उपचार. सौदीत एचआयव्हीवरची लोपिनाविर-रिटोनाविर आणि इंटरफेरॉन (विषाणूंशी लढायला शरीरही बनवतं ते प्रथिन) यांच्या जोडीची नीट चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये आला. ९५ रुग्णांत नव्वद दिवसांतले मृत्यू औषध घेतलेल्यांत २८ टक्के, न घेतलेल्यांत ४४ टक्के. लहान चाचणी आहे, पण दिशा मिळाली. लसींच्या माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्या झाल्या आहेत. उंटांना टोचायची लसही करून पाहिली आहे आणि तिने उंटाच्या नाकातून बाहेर पडणारा विषाणू कमी झाला. मला हा मार्ग जास्त पटतो. अडचण अशी की उंटाला नुसती सर्दी होते, मग मालक लशीचे पैसे कशाला देईल?

इतक्या थोड्या रुग्णांसाठी एवढं संशोधन कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी कोविडची लस कुठली घेतली, ते मी विचारलं. म्हणाले, कोविशील्ड. ती ऑक्सफर्डची लस ज्या बांधणीवर उभी आहे, तीच बांधणी वापरून ऑक्सफर्डने आधी मर्सची लस करून माणसांवर चालवून पाहिली होती. अमेरिकेतल्या एमआरएनए लसींत स्पाइक प्रथिन, म्हणजे विषाणूच्या अंगावरचा काटा, आकार बदलू नये म्हणून दोन जागी प्रोलिन हे अमिनो आम्ल बसवतात. ती युक्तीही मर्सच्या स्पाइकवर काम करताना, २०१७ पर्यंत, हाती आली होती. २०२० मध्ये लस वर्षभरात आली असं आपण म्हणतो, पण तिची तयारी उंटाच्या सर्दीवर आधीच झाली होती.

'नियोकोव' नावाचा मेसेज आला होता, तीनपैकी एक मरणार म्हणून?

जानेवारी २०२२ मधला तो. नियोकोव हा वटवाघळांतला मर्सचा नातेवाईक. चिनी संशोधकांनी प्रयोगशाळेत पाहिलं की तो वटवाघळाच्या पेशीत शिरताना मर्सची कडी न वापरता कोविडवाली कडी वापरतो आणि एक ठरावीक बदल झाला तर माणसाच्या कडीलाही चिकटू शकेल. माणसाला लागण झालेली नव्हतीच. मर्सचा मृत्युदर उचलून कुणीतरी त्याच्या गळ्यात बांधला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज अकरा वेळा आला.

आफ्रिकेत उंट जास्त, मग रुग्ण तिथे जास्त का नाहीत?

संशोधकांना सध्या छळणारं कोडं हेच. जगातले बहुतेक उंट सोमालिया, सुदान, केनिया, इथिओपिया या पट्ट्यात, त्यांच्यात विषाणूही आहे, पण माणसांतले रुग्ण क्वचित. तिथल्या विषाणूची शाखा वेगळी आहे आणि प्रयोगात ती अरबी शाखेपेक्षा मवाळ दिसते. दुसरं कारण साधं: दूरच्या वस्तीत न्यूमोनियाने गेलेल्याचा कफ तपासतो कोण?

ताई, सगळं ठीक, पण भाचा परवा कुवेतहून येतोय. अहमदाबादच्या विमानतळावर घ्यायला जाऊ ना?

जा की. हारही न्या. तो उंटांच्या शर्यतीला गेला होता का, ते मात्र गाडीत बसल्या बसल्या विचारून घ्या. घरी पोचल्यावर शिऱ्याच्या नादात राहून जातं.